मयताचे फोन

आमच्या शेजाऱ्याने द्राक्षबागेत मारतात तो फवारणीचा पंप पाठीला अडकवला आणि डॉक्टरच्या मागे चालत तिच्या पावलांवर औषध मारलं. हे मी माझ्या ओट्यावर बसून पाहिलं. ती पुढे, हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी. हा मागे, तोंडाला बायकोची ओढणी, हातात नळी. ती थांबली की हा थांबायचा. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. माझ्या फाटकातून आत आली आणि लोखंडी जिना चढून वरच्या खोलीत गेली. मग याने माझ्या जिन्याच्या पायऱ्यांवरही पंप मारला.

मी म्हटलं, "काय हो भाऊ, डावणी पडलीय का पोरीवर?"

डावणी हा द्राक्षाचा रोग. त्याला बरोबर कळलं, कारण त्याच्या भावाची बाग आहे आणि पंप तिथूनच आणलेला.

"मावशी, तुमच्यासाठीच करतोय. तुमचं वय बघा."

"माझं वय मी रोज बघते. तुम्ही त्या ओढणीत स्वतःला बघा एकदा."

गल्लीतल्या बायका खिडकीतून बघत होत्या. एकीलाही हसू आलं नाही आणि एकीलाही लाज वाटली नाही.

ही पहिल्या लाटेतली गोष्ट. आता हाच माणूस घरी पाहुणा आला की माझ्या वरच्या खोलीकडे बोट दाखवतो आणि सांगतो, "कोरोनात इथे डॉक्टर राहायच्या. सगळी गल्ली त्यांच्या पाठीशी होती." पाठीशी होता खरा, पंप घेऊन. ते ऐकलं की मला किळस येते, म्हणून हे लिहायला बसले. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. जे झालं ते सरळ सांगायला तेवढं शिक्षण पुरतं.

माझा नवरा सातपूरला कारखान्यात होता. त्याच्या हयातीत पाथर्डी फाट्याकडे हे घर झालं. वर एक खोली, तिच्यापुढे गच्ची, आणि बाहेरून जिना. नवरा गेला, मुलगा पुण्याला गेला, वरची खोली मी भाड्याने दिली. आधी एक मास्तर होता, मग ही डॉक्टर आली. नामपूरची. बाप कांद्याचा व्यापारी. एमबीबीएस झालेली, एका खाजगी दवाखान्यात नोकरीला लागलेली, पुढे अजून शिकायचं म्हणून पुस्तकं घेऊन आलेली. अंगाने बारीक, बोलायला हळू. मला आजी म्हणायची. मी तिला पोरी म्हणायचे, आणि राग आला की डॉक्टरीणबाई.

कोरोनाच्या आधी सगळ्या गल्लीला ती गोड लागायची. ती ड्युटीवरून आली की जिन्याखाली रांग. कुणाची साखर, कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराचा कान. पंपवाल्याने आपली मूळव्याध तिला माझ्या तुळशीजवळ उभं राहून सांगितली होती, मी आत कणीक मळताना ऐकू येईल एवढ्या आवाजात. ती ऐकून घ्यायची, गोळीचं नाव सांगायची. कुणी तिला कधी साधा चहा विचारला नाही. फुकटची डॉक्टर म्हणून सगळे खूश.

मग रोग आला. एका संध्याकाळी सगळ्यांनी डॉक्टरांसाठी थाळ्या वाजवल्या, पंपवाल्याने तर पितळी परात बडवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची स्कूटी गल्लीच्या तोंडाशी लावायला सांगण्यात आलं. दूधवाल्याला कुणीतरी दम दिला, तर तो तिच्या पातेल्यात हातभर उंचावरून दूध ओतायला लागला. निम्मं बाहेर सांडायचं. मग गल्लीतले तीन पुरुष माझ्या फाटकाबाहेर आले, लांब लांब उभे राहिले.

"मावशी, खोली रिकामी करून घ्या. सगळ्यांचं म्हणणं आहे."

"तुम्हाला भीती वाटते ना?"

"वाटणारच ना. लहान लेकरं आहेत घरात."

"मग तुम्ही जा गावाला. मी कशाला माझं घर रिकामं करू?"

यात माझा मोठेपणा नाही. माझ्या घरात दुसऱ्याने हुकूम चालवलेला मला खपत नाही, एवढंच. आणि या माणसांची रीत मला जुनी माहीत होती. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पंपवाल्याने माझ्या नवऱ्याला आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि मग आमच्याकडचं पाणी नको म्हणाला. तहान नाही म्हणे. मे महिना होता.

पहिली लाट तिने काढली. वजन उतरलं, केस गळले, पण जायची यायची. खरं बिघडलं ते दुसऱ्या लाटेत.

त्या उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालत होते. माणसं मरत होती म्हणून भिजवलेला गहू काही थांबत नाही. ती तिच्या दाराच्या सावलीत बसलेली, दुपारची ड्युटी होती. माझे हात बघत होती. मग म्हणाली, "आजी, मी तिथे दिवसभर काय करते माहितीये तुम्हाला?"

"माणसं बरी करत असशील."

"मी फोन करते."

आत पेशंट आणि बाहेर घरचे. घरच्यांना आत सोडत नव्हते. माणूस गेला की कुणीतरी घरी कळवायला पाहिजे. मोठे डॉक्टर ते काम करत नव्हते. नर्सेसनी हात जोडले. मग हिच्यावर टाकलं, कारण हिचा आवाज शांत आहे. आधी पेशंट तपासून मग फोन करायची. दुसऱ्या लाटेत फोनच इतके झाले की तपासणं राहिलं.

"काय सांगतेस फोनवर?" मी विचारलं.

तिने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "मी दवाखान्यातून डॉक्टर बोलते. तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का?"

"ते कशाला?"

"एकटं माणूस पडलं बिडलं तर धरायला. पण आता लोकांना कळायला लागलंय. जवळ कुणी आहे का म्हटलं की तिथेच ओरडतात. काही जण फोन ठेवून देतात. ऐकलं नाही तर मेलाच नाही, असं. एक जण मला म्हणाला, तुझ्या घरी असाच फोन येवो."

"आणि औषधपाणी?"

"औषध असलं तर नर्स देते. ऑक्सिजन असला तर लावतात. नसला तर मी फोन करते." मग ती माझ्या कुरडयांकडे बघत म्हणाली, "हेच करायचं होतं तर एवढी वर्षं शिकले कशाला? फोन तर कुणीही करू शकतं."

हे काम मी ओळखलं. माझ्या आजोबांचं हेच काम होतं. नांदगावकडे आमचं गाव. गावात कुणी वारलं की आसपासच्या गावांत त्याच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायचा, हे आमच्या घरावर लादलेलं गावकीचं काम. ऊन असो, पाऊस असो, चालत जायचं. लहान असताना मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. ते अंगणाच्या बाहेर उभे राहिले, टोपी काढली, आणि नाव घेऊन सांगितलं. घरात रडारड उठली. आजोबा तसेच उभे. बऱ्याच वेळाने एक बाई बाहेर आली आणि तिने वरून त्यांच्या धोतराच्या सोग्यात भाकर टाकली. आजोबांना कुणी बस म्हणालं नाही. ज्याने दुःख आणलं तो जणू दुःखाचाच भाऊ. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आजोबांनी ते काम सोडलं. गावाने आमच्याशी बोलणं टाकलं, पिठाची गिरणी बंद केली. आजोबा म्हणाले, बंद तर बंद.

मी हे तिला त्या दिवशी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? तिला दुपारच्या ड्युटीला जायचं होतं, ती गेली.

नंतर एका सकाळी स्कूटी गेली नाही. मी म्हटलं सुट्टी असेल. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. वर गेले तर दार उघडं, ती भिंतीला टेकून बसलेली, आणि फोन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात फरशीवर. वाजत होता. तिने लांबून हात पुढे करून पायपुसणं ओढावं तसा तो ओढला आणि स्पीकरवर टाकला. कानाला लावला नाही.

तिची आई होती. "बरी शे ना तू, माय? दोन रोज झाले फोन नाही."

ही पोर म्हणाली, "तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का?"

तोंडातून तेच निघालं. पलीकडे आई किंचाळली. बापाने फोन हिसकावून घेतला असणार. काय झालं, कोण गेलं, तू कुठे आहेस, असा त्याचा आवाज. मी ओरडून सांगितलं, "काही झालं नाही हो, पोरगी बरी आहे, दोन दिवस कामावर गेली नाही एवढंच, मी घरमालकीण बोलते." तेव्हा तो शांत झाला. आणि शांत झाल्याबरोबर कामाचं बोलायला लागला.

"कामावर का नाही गेली ती? अहो, लोकांना काय सांगू? इकडे कांद्याच्या शेडच्या बाजूला दवाखान्याचा गाळा बांधून ठेवलाय. बोर्ड रंगवायला टाकलाय. असं अर्ध्यात सोडून चालतं का? आपल्याला घाबरून चालतं का? तुम्ही जरा समजवा तिला, मावशी."

मुलगी जेवली का, झोपली का, हे बापाने विचारलं नाही. मी वाट बघितली, नाहीच विचारलं. आई मागे रडत होती.

मग दवाखान्यातल्या साहेबाचा फोन आला. त्याचा आवाज मऊ होता, मऊ आवाजाच्या माणसाची मला आधीच शंका येते. "डॉक्टर, आपण सगळेच थकलोय. पण ही सेवा आहे. तुम्ही नाही आलात तर मला कारवाई करावी लागेल, मला ते आवडणार नाही. आणि ताण वाटत असेल तर स्टाफसाठी मनःशांतीचं शिबिर ठेवलंय, रोज संध्याकाळी. फोनवरच आहे, लिंक पाठवतो."

पोरीला फोन हातात धरवत नाही, आणि हा तिला फोनवरून मनःशांती देतोय. मी तिथेच म्हटलं, "शिबिर तुम्हीच करा, आणि मयताचे फोनही तुम्हीच करा." त्याने विचारलं, "कोण बोलतंय?" मी फोन बंद केला.

ती जेवत नव्हती. पोळी-भाजी वर नेऊन ठेवली तर तशीच परत. तेव्हा मी बाजरीच्या भाकरी थापल्या, पातळ पिठलं केलं, पाटीत ठेवून वर पांढरं फडकं टाकलं आणि वर नेलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारचं कुणीतरी असंच पिठलं-भाकर नेतं, समोर बसतं आणि पहिला घास स्वतः भरवतं. त्याला कडू घास म्हणतात. आम्ही बौद्ध झालो तेव्हा बऱ्याच गोष्टी सोडल्या, ही सोडली नाही. घरातलं माणूस मेलं तरी राहिलेल्यांना जेवावं लागतं.

दारातून जिन्याकडे वळले तर पंपवाला भिंतीवरून बघत होता. पाटी बघितली, फडकं बघितलं.

"कोण गेलं हो मावशी?"

"लय माणसं गेली."

"कुणाची?"

तेवढं बोलले तेच जास्त झालं. पाटी नेताना बोलू नये अशी आमची रीत आहे, आणि त्याच्याशी तर एरवीही बोलू नये.

वर तिने फडकं उचललं. नामपूरची पोर, तिला लगेच कळलं. "हे काय आजी? माझं कोण गेलंय?"

"ते तू सांग. इतक्या घरी तू मयत कळवलंस, तुझ्याकडे कुणी आलं का? मी आले. जेव."

मी घास तिच्या तोंडाजवळ नेला. तिने घेतला. मग चावता चावता सांगायला लागली, आणि मला दोन नवऱ्यांची गोष्ट कळली.

वॉर्डात शेजारशेजारच्या पलंगांवर दोन माणसं होती. नाव एक, आडनाव एक. बापाचं नाव वेगळं, पण ते घाईत कुणी लिहिलंच नव्हतं. त्यातला एक सकाळी गेला. हिला नाव आणि फोन नंबर देण्यात आला. हिने फोन केला. बाईने विचारलं, नक्की ना? ही म्हणाली, नक्की. बाई त्र्यंबक रस्त्यावरच्या एका खेड्यातली. तिथल्या बायका गोळा झाल्या, तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. दुपारी ही वॉर्डात गेली तर त्या बाईचा नवरा पलंगावर उठून बसलेला आणि चहा मागत होता.

"मग?"

"मग मी परत फोन केला. म्हटलं, चूक झाली, तुमचे मिस्टर जिवंत आहेत. ती मग हसली, आजी. मोठ्याने हसली. आणि म्हणाली, अहो, पण मी बांगड्या फोडल्या ना. दुकानं सगळी बंद. आता कुठून आणू?"

"आणि दुसरी?"

"दुसरीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, बरं झालं तुमचा फोन आला, मघाशी गेटवर डबा दिलाय, पोचला का त्यांना?"

मी दुसरा घास केला, पण तिने हात धरला.

साहेबाने तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की चूक कुणाकडूनही होते, हे बाहेर जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी तोच फोन परत तिच्या हातात दिला. आणि त्याच दिवशी चहा मागणाऱ्या त्या माणसाची तब्येत घसरली, मशीन लावलं. त्यानंतर ही वॉर्डात गेलीच नव्हती. तो आहे की गेला, हे तिला ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती.

"तो गेला तर त्या बाईला परत मीच सांगायचं, आजी. मला ते जमणार नाही."

"तू नाही गेलीस तर दुसरं कुणी सांगेल."

"दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही. तिला वाटेल परत चुकले. ती वाट बघत बसेल."

हे खरं होतं. तिचं दुखणं कुठे अडकलंय ते मला तेव्हा कळलं. थकवा, झोप, भीती हे सगळं होतंच. पण ती बाई ओक्याबोक्या हातांनी दारात बसलीय, हे तिला हलू देत नव्हतं. तेव्हा मी तिला आजोबांचं सांगितलं. आणि म्हटलं, "फोन करू नकोस. वेळ आलीच तर स्वतः जा. तोंडावर सांग. आणि त्याच्यानंतर हे काम सोड. आमच्या आजोबांनी सोडलं, त्यांना कुणी भित्रा म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं."

"मी डॉक्टर आहे, आजी."

"असशील. पण तुझ्याकडून ते डॉक्टरकीचं काम कुठे करून घेतात?"

मी रिकामी पाटी घेऊन खाली आले तर पंपवाल्याची बायको फाटकापाशी पदराने डोळे पुसत उभी. गल्लीत तोवर पसरलं होतं की डॉक्टरचा बाप वारला, नामपूरला, कोरोनानेच. भाकरीच्या पाटीवरून त्यांनी अख्खा बाप मारला.

"फार वाईट झालं हो," ती म्हणाली. "चांगले होते म्हणे वडील. आता ती गावालाच जाईल ना? म्हणजे खोली आता..."

मी म्हटलं, "बाप जिवंत आहे तिचा. कांदा विकतोय."

तिचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. "मग पाटी कशाला नेली तुम्ही? असल्या गोष्टीची कुणी थट्टा करतं का? आम्ही उगाच रडलो ना." रडणं वाया गेल्याचा तिला खरंच राग आला होता. त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तेवढा मला आराम मिळाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कामावर गेली. मी समजावलं म्हणून नाही. तो माणूस आहे की नाही ते बघायला गेली. होता. मशीनवर होता, डोळे मिटलेले. ती रोज जाऊन त्याच्यापाशी उभी राहायची. बाकीचे फोन करायला तिने नकार दिला. साहेबाने नोटीस दिली, तिने घेतली आणि पिशवीत टाकली. मग एका सकाळी तो गेला. तिने पलंगावरचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, चेहरा बघितला, परत नाव वाचलं. मग कुणाला न सांगता स्कूटी काढली आणि त्र्यंबक रस्त्याने त्या खेड्यात गेली.

परत आली ती माझ्या ओट्यावरच बसली. वर गेली नाही. मी पाणी दिलं, तिने नुसतं धरून ठेवलं.

"भेटली?"

"दारातच होती. मला पाहिलं नव्हतं तिने कधी, पण आवाजाने ओळखलं. म्हणाली, या वेळी नीट बघून आलात ना?"

"मग?"

"मी हो म्हटलं. मी म्हटलं, मी स्वतः बघितलं. ती रडलीच नाही, आजी. तिची सासू रडायला लागली, ही उभीच. मग मला म्हणाली, तुम्ही त्या दिवशी सांगितलंत तेव्हा मी सगळं रडून घेतलं. आता रडायला येत नाही. माझा नवरा आज गेला आणि मला रडू येत नाही. हे तुम्ही केलंत."

मी तिला, असू दे, असं म्हटलं नाही. त्या बाईचं खरं होतं. डॉक्टरलाही ते माहीत होतं, म्हणून तर ती गेली होती. पाठीवरून हात फिरवून मिटणारी ती गोष्ट नव्हती. मी म्हटलं, "बसायला सांगितलं का तिने?"

"हो. सतरंजी टाकली. मी बसले थोडा वेळ."

तेवढ्यात पंपवाला पंप घेऊन त्याच्या फाटकातून निघाला. मी झाडू उचलला. तो परत आत गेला.

लाट ओसरेपर्यंत ती वॉर्डात राहिली, फोन सोडून सगळी कामं केली. मग राजीनामा दिला. पुढे शिकायची पुस्तकं तिने खोके भरून तिच्या आधी खोलीत राहिलेल्या मास्तरच्या पोरीला देऊन टाकली. बाप नामपूरहून आला आणि माझ्या ओट्यावर डोकं धरून बसला. बोर्ड रंगवून तयार होता, त्याचं आता काय करू, असं मला विचारत होता. मी म्हटलं, उलटा करून कांद्याच्या शेडला लावा, पावसाला आडोसा होईल. त्याला राग आला. येऊ दे. पोरीचं काय करू, असं त्याने तेव्हाही विचारलं नव्हतं.

नंतर गल्लीच्या मंडळाने कोविड योद्ध्यांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, काचेत बसवलेलं प्रमाणपत्र. पंपवाला स्वागत समितीत. तो डॉक्टरला बोलवायला आला, तोपर्यंत ती खोली सोडून गेली होती. मग म्हणाला, "मावशी, तिच्या वतीने तुम्ही घ्या. फोटो चांगला येईल."

मी म्हटलं, "आधी पंपाचा सत्कार करा, मग मी येते." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. सत्कार झाला, शाल शेवटी त्यांनी मेडिकलवाल्याला दिली. काळ्या बाजारात औषध विकणारा तोच, सगळ्यांना माहीत होतं.

ती आता नाशिकमध्येच असते. विम्याच्या एका कचेरीत बसते, दवाखान्यांची बिलं बरोबर आहेत का ते तपासते. गळ्यात स्टेथोस्कोप नाही, पेशंट नाही. मध्ये एकदा येऊन गेली. जरा भरली होती अंगाने. मी चहा टाकला आणि विचारलं, "कामात जीव लागतो का?"

"नाही."

"मग परत जाणार का कधी डॉक्टरकीला?"

 बशीत ओतलेला चहा निवत होता. मग म्हणाली, "माहीत नाही, आजी. कधी वाटतं जावं. छोटासा दवाखाना असावा, हरसूलकडे कुठेतरी, खोकल्याची, तापाची माणसं यावीत, बरी होऊन जावीत. मग टेबलावर फोन असेल हे आठवतं."

"तिथे तू एकटी असशील तर फोन तुलाच करावा लागेल."

"हो ना," ती म्हणाली. "कचेरीत वाजला तरी शेजारच्या टेबलावरचा उचलतो."

आणि तिने चहा पिऊन टाकला.